ओट्यावरचा उजेड

परवा एक आजी बोट कापून दवाखान्यात आल्या. चार टाके घालावे लागले. ओटा नवाकोरा, पण दिवा पाठीमागे! त्यामुळे स्वतःचीच सावली विळीवर. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून स्वयंपाकघर नवे करताना ओट्यावरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी बसवा. ती डोळ्यांत चमकू नये म्हणून पुढे आडपट्टी लावा. शेगडीवरही स्वतंत्र उजेड हवा. शोकेसमधले शोभेचे दिवे नंतर, पैसे उरले तर! आज रात्री ओट्यापाशी उभे राहून पाहा, आपली सावली कुठे पडते?