लावो: मतपेटीने राखलेल्या द्राक्षबागा

स्वित्झर्लंडला गेलेले आपले लोक टिटलिसचा बर्फ आणि लुझर्नचा लाकडी पूल बघून परत येतात. जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठावरचा लावो हा द्राक्षपट्टा सहसा कुणाच्या टूरमध्ये नसतो. मी निफाड तालुक्यातली. माहेरी द्राक्षबाग, सासरी द्राक्षबाग. लोझानला नोकरी करणाऱ्या भाच्याने विचारलं, "आत्या, बर्फात जायचं की बागा बघायच्या?" मला विचार करावा लागला नाही.

लोझानहून वेव्हेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की उजवीकडे सरोवर आणि त्यापलीकडे फ्रान्सचे डोंगर. डावीकडे एकावर एक दगडी भिंती, आणि प्रत्येक भिंतीच्या माथ्यावर जमिनीची पट्टी, तिच्यात वेली. लोझानच्या वेशीपासून शियाँच्या किल्ल्याजवळपर्यंत सुमारे 30 किलोमीटर हेच दृश्य. टप्पे दहा हजारांच्या घरात आणि भिंतींची एकूण लांबी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठातल्या साधूंनी देझालेची चढण साफ करून हे टप्पे घालायला घेतले. 2007 साली युनेस्कोने या पट्ट्याला जागतिक वारसा ठरवलं.

फोटोत हे सगळं फार देखणं दिसतं. मी मात्र पहिल्याच टप्प्याशी थबकले ती तिथल्या मेहनतीच्या विचाराने. आमच्याकडे सपाट रान, वाय आकाराचे अँगल, मधून ट्रॅक्टर फिरतो. इथे कित्येक टप्प्यांवर वेलींच्या मोजक्या ओळी मावतात, आणि तिथवर ट्रॅक्टर जाऊच शकत नाही. म्हणून उतारावर एकेरी दातेरी रूळ टाकलेला असतो. त्यावरून छोटं इंजिन आपला गाडा ओढत भिंती ओलांडतं आणि काढणीचा माल खाली आणतं. हे रूळ यायच्या आधी सगळं पाठीवर होतं. पावसाने माती खालच्या टप्प्यात वाहून आली की हिवाळ्यात ती टोपल्यांत भरून, पाठीवर घेऊन पुन्हा वर नेऊन पसरायची. ज्याने एकदा तरी बागेत माती भरली आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

इथले लोक तीन सूर्य सांगतात. एक आभाळातला, दुसरा सरोवराच्या पाण्यावरून उसळून येणारा, तिसरा भिंतीत साठलेला. तिसऱ्याची खात्री मी स्वतः केली. दिवस मावळून बराच वेळ झाला होता, एपेस गावाच्या वरच्या अंगाला भिंतीला तळहात लावला तर दगड अजून कोमट. त्या उबेत घड रात्रीही तयार होत राहतो. थंड देशात बाग पिकते ती या दगडांच्या जोरावर.

वेलीचं वेळापत्रक मात्र आपल्याहून अगदी वेगळं. तिकडे थंडीत पानं गळतात, वेल झोपते. हिवाळा सरता सरता एकदा छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते. कलमाची गोष्ट दोन्हीकडे सारखी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने युरोपच्या बागांची मुळं खाल्ली, तेव्हापासून तिथे खाली अमेरिकी खुंट आणि वर युरोपची काडी. आमचा डॉगरीज खुंटही अमेरिकेचाच, आम्ही तो पाण्याच्या ताणासाठी आणि खारट जमिनीसाठी घेतला. रिव्हाझ गावाजवळ एक वयस्कर बागायतदार शेंडे खुडत होते. मी खोडावरची कलमाची गाठ बोटाने दाखवली. त्यांनी हसून एक पान खुडलं, उलटं करून खालची पांढरी बुरशी दाखवली. डाऊनी, आमच्याही ओळखीचा रोग. भाचा दुभाष्या म्हणून शेजारी उभा होता, त्याला काही सांगावं लागलं नाही.

द्राक्षाची मुख्य जात शासला. पिवळसर हिरवी, नाजूक चवीची. इतर देशांत ती बरीचशी खाण्यासाठी लावतात. तिची स्वतःची चव सौम्य असल्याने ती मातीची चव घेते, असं हे लोक मानतात. एपेसच्या एका अंगाला देझालेचा खडकाळ चढ, दुसऱ्या अंगाला कालामँची, जुनी दरड कोसळून झालेली चिकण जमीन. दोन्हींची वाइन वेगळी विकली जाते. गावोगावी बागायतदारांची मिळून एक छोटी तळघरवजा जागा असते, तिला कॅव्हो म्हणतात. तिथे पाळीपाळीने एकेक बागायतदार बसतो आणि स्वतःची वाइन स्वतः ओततो. स्विस वाइन देशाबाहेर जेमतेम एक-दोन टक्के जाते, तेव्हा ती चाखायची तर तिथेच.

गावं लहान आणि दाट. घरं उंच, एकमेकांना चिकटलेली, तळमजल्यावर वाइनची तळघरं, बोळ इतके अरुंद की समोरून हातगाडी आली तर दारात सरकावं लागतं. वेलीची जमीन घराखाली घालवायची नाही, हा त्यामागचा हिशेब. सॅं-साफोरँच्या चर्चमध्ये इसवी सन 47 मधला रोमन मैलाचा दगड आहे. कुलीमध्ये मेजर दावेलचं स्मारक आहे. लावो ज्या व्हो प्रांतात आहे, त्यावर तेव्हा बर्नची सत्ता होती. तिच्याविरुद्ध 1723 साली या कुलीच्या माणसाने सैनिक घेऊन लोझान गाठलं आणि महिन्याभरात त्याचं मुंडकं उडवलं गेलं.

पण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते 1977 सालाबद्दल. सरोवर दिसणारी जमीन, शेजारी वाढतं शहर. बंगल्यांचे प्लॉट पडायला आणखी काय लागतं? फ्रान्झ वेबर या पत्रकाराने लावो वाचवण्यासाठी सह्या गोळा केल्या, प्रश्न मतदानाला गेला आणि व्हो प्रांताच्या मतदारांनी या पट्ट्याचं संरक्षण थेट प्रांताच्या राज्यघटनेत घातलं. 2005 साली पुन्हा मतदान झालं, पुन्हा कौल बागांच्या बाजूने. 2014 साली वेबर आणखी कडक नियम घेऊन आले, तेव्हा बागायतदारच विरोधात उभे राहिले. शेड, यंत्रांची जागा, राहतं घर, काहीच बांधता येणार नसेल तर बाग कसणार कोण, असा त्यांचा सवाल होता. लोकांनी वेबरचा प्रस्ताव नाकारला आणि सरकारचा मवाळ पर्याय स्वीकारला. मी त्या बागायतदारांच्या बाजूची आहे. बाग फक्त बघायला ठेवली तर ती दोन हंगामांत रान होते. पण 1977 चं मतदान झालं नसतं तर 2014 साली भांडायला बाग उरली नसती, हेही तितकंच खरं. नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात माझ्या लहानपणी होत्या त्या बागांच्या जागी आज इमारती आहेत, आणि त्या जमिनीचं काय करायचं हे कधी कुणी मतपेटीतून विचारलं नाही.

जायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटी जावं. सॅं-साफोरँ ते लुत्री ही सुमारे 11 किलोमीटरची पायवाट बागांतून जाते, वाटेत पिवळ्या पाट्या आहेत. चालवलं नाही तर गाडी जवळजवळ प्रत्येक गावाला थांबते. घड तोडू नये, ती कुणाच्या तरी घरची वर्षाची कमाई आहे.

वेव्हेला बागायतदारांची एक जुनी संस्था आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या बागा कसणाऱ्यांचं काम ती तपासते, गुण देते. साधारण पिढीतून एकदा, शेवटचा 2019 साली, ती भर चौकात मोठा उत्सव भरवते आणि त्यात सर्वांत चांगलं काम करणाऱ्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवला जातो. मुकुट मिळतो तो छाटणाऱ्याला, मालकाला नाही. आमच्याकडे छाटणीला सुरगाणा-पेठहून टोळ्या येतात. डोळे मोजून काडी धरणारे त्यांचे हात मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या कुणाकुणाला हा मुकुट शोभला असता, तेही मला नावानिशी सांगता येईल.