एक ‘च’, अर्थ अनेक

‘च’ हे अव्यय एकटे कधी उभे राहत नाही. ते आधीच्या शब्दाला जोडूनच लिहायचे. पण ज्या शब्दाला ते लागते, त्यावर वाक्याचा सारा भार येतो. ‘मीच काल वाशीमला गेलो’ म्हणजे दुसरे कोणी नाही. ‘कालच’ म्हणजे फार दिवस झाले नाहीत. ‘वाशीमलाच’ म्हणजे अकोल्याला किंवा हिंगोलीला नाही. आणि ‘गेलोच’ म्हणजे काहीही झाले तरी.

जोर देणे एवढेच त्याचे काम नाही. ‘पाऊस थांबताच निघू’ यात तत्परता आहे, ‘तो आलाच तर’ यात शंका, ‘येईलच’ यात खात्री. ‘थांब, आलोच!’ यात क्रियापद भूतकाळी असूनही येणे अजून व्हायचे असते.

ज्ञानेश्वरीत हे अव्यय ‘चि’ असे भेटते. त्याच्या मागे प्राकृतातले ‘च्चिअ’ आहे. त्या प्राकृताशी वाशीमचे जुने नाते. वाशीम म्हणजे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तिथल्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात रचले. १९३९मध्ये उजेडात आलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटातही संस्कृताच्या जोडीला प्राकृत आहे.

लिहिताना ‘च’ची जागा नीट पारखावी; तो एका शब्दाने सरकला, तरी म्हणणे बदलते.