पाण्याला पाळी, तशी पंपालाही पाळी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, खोडवा यांवर लिहावे. हा मोटारींवर का लिहितो, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. उन्हाळ्यात मध्यम जमिनीतल्या उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. एक पाळी हुकली की तोच ऊस सोळा ते वीस दिवस कोरडा राहतो. कांड्या आखूड पडतात, आणि मग वरून कितीही युरिया टाका, गेलेली वाढ परत येत नाही.

नदीकाठच्या एका पाणीपुरवठा संस्थेत ऐन एप्रिलात हेच झाले. जॅकवेलवर सारख्या ताकदीचे तीन पंप. दोन चालवायचे, तिसरा राखीव. वर्षभर एक नंबर आणि दोन नंबरच चालले. ऑपरेटरला विचारले तर म्हणाला, "साहेब, दोन्ही बिनतक्रार चालत्यात, मग तिसऱ्याला हात कशाला लावायचा?" पुढे एक नंबरचे बेअरिंग गेले. तिसऱ्याचे बटन दाबले तर मोटार नुसती घुमली, शाफ्ट काही हलेना. इंपेलरला गाळ आणि गंज धरलेला, ग्लँडची दोरी वाळून कडक झालेली. एका पंपावर पाणी किती पुरणार? शेवटच्या टोकाच्या सभासदांची पाळी गेली ती गेलीच. दोष एकट्या ऑपरेटरचा नव्हता. कोणता पंप किती तास चालला, याचा हिशेबच कुणी ठेवला नव्हता.

बसलेला पंप राखीव नव्हे

बैल दावणीला बांधून ठेवला म्हणजे तो ताजा राहतो असे नाही. पंपाचेही तसेच आहे. बंद मोटारीच्या वायंडिंगमध्ये दमट हवा शिरते. शेजारचे पंप चालत असताना त्यांच्या हादऱ्याने बसलेल्या पंपाच्या बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी घासत राहतात. म्हणून राखीव पंप पाळीपाळीने चालवला तरच तो वेळेला उपयोगी पडतो.

साधे गणित करू. समजा, रोज ८ तास दोन पंप चालतात. म्हणजे दिवसाला १६ पंप-तास, महिन्याला ४८०. दोनच पंप राबवले तर प्रत्येकी २४० तास आणि तिसऱ्याला शून्य. तिघांत वाटले तर प्रत्येकी १६० तास. पाणी तितकेच, झीज मात्र वाटली जाते. अर्थात हे सारख्या ताकदीच्या पंपांना लागू आहे. लहान-मोठे पंप असतील तर नुसते तास मोजून भागत नाही.

पी.एल.सी. काय करतो?

आता काही योजनांवर हे काम पी.एल.सी. पॅनेलकडे दिले जाते. हे नवे खूळ नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मोटारगाड्यांच्या कारखान्यांसाठी ते तयार झाले. रिलेंनी भरलेल्या कपाटाच्या जागी एक छोटा संगणक आला. साखर कारखान्यांतली सेंट्रीफ्युगल मशीनही आज त्यावर चालतात.

पंपहाऊसवर त्याला तीन-चार नियम शिकवायचे. सुरू करताना ज्याचे तास कमी तो पंप आधी घ्यायचा. बंद करताना ज्याचे तास जास्त तो आधी सोडायचा. बिघाड असलेला पंप वगळून पुढच्याला घ्यायचे. वीज आली की सगळे एकदम सुरू न करता एकामागून एक, मध्ये थोडा वेळ देऊन घ्यायचे. तासांत थोडा फरक पडला म्हणून चालू पंप मध्येच बदलू नये. वारंवार स्टार्ट घेतल्याने मोटार तापते. वीज येईल तेव्हाच अदलाबदल करावी, ते सोपे. आणि वीज गेली तरी तासांचा आकडा पुसला जाणार नाही, अशी सोय पॅनेल घेतानाच करून घ्यावी.

दोन हिशेब वेगळे ठेवा

इथे एक फसगत होते. दुरुस्त करून आणलेल्या पंपाचा आकडा शून्यावर आणला, की पी.एल.सी.ला तोच सर्वांत ताजा दिसतो आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येईपर्यंत रोज त्यालाच जुंपले जाते. उलट, तिन्हींचे तास पहिल्यापासून तंतोतंत सारखे ठेवले, तर तिन्हींची बेअरिंग एकाच उन्हाळ्यात थकतील. मग वाटणी करून मिळवले काय?

म्हणून हिशेब दोन असावेत. पहिला हंगामाच्या तासांचा. पावसाळा संपला की तिन्ही आकडे एकाच दिवशी शून्यावर आणायचे, पी.एल.सी.ने वाटणी फक्त यावरून करायची. दुसरा, शेवटच्या दुरुस्तीनंतरच्या तासांचा. तो रजिस्टरमध्ये हाताने लिहायचा, आणि त्यावरून दर पावसाळ्यात एक पंप खोलायचा. यंदा एक नंबर, पुढच्या वर्षी दोन नंबर. असे केले की हंगामात काम सारखे वाटले जाते आणि तिघे एकदम म्हातारे होत नाहीत.

पी.एल.सी. आला म्हणून ऑपरेटरचे काम संपत नाही. ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडते का, बेअरिंगचा आवाज बदलला का, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसतो का, हे कान-डोळ्यांचेच काम.

पॅनेल परवडत नसेल तर?

तरी अडत नाही. प्रत्येक स्टार्टरला, ट्रॅक्टरला असतो तसा, अवर मीटर बसवा आणि भिंतीवर पाळीपत्रक लावा. पहिल्या आठवड्यात एक व दोन, दुसऱ्यात दोन व तीन, तिसऱ्यात तीन व एक. तीन आठवड्यांत प्रत्येक पंप दोन आठवडे राबतो, एक आठवडा विसावा घेतो. पंप बरेच दिवस बसून असेल तर पहिल्या खेपेला वायरमनकडून मेगर लावून मोटार तपासा, शाफ्ट हाताने फिरवून पाहा, मगच बटन दाबा.

आपल्या पाणीपुरवठा संस्थेच्या पुढच्या सभेत पाणीपट्टीबरोबर एवढेही विचारा: आपले पंप किती, आणि प्रत्येकाचे तास किती? उत्तर मिळाले नाही, तर पावसाळा संपण्याआधी मीटर बसवून घ्या. शेताच्या पाळीसाठी आपण भांडतो. तिची सुरुवात पंपहाऊसच्या पाळीपासून होते, हे सभासद बंधूंनी ध्यानात ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी