पाय यंत्राने हलवले, पण जोर कोणी लावला?

अंगाला पट्टे बांधून ट्रेडमिलवर उभं केलेलं मूल, पायांना जोडलेला यांत्रिक सांगाडा आणि डोक्यावर तारांची टोपी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या उपचारातलं हे दृश्य पाहून पालकांना आशाही वाटते आणि धास्तीही.

गैरसमज : रोबो पाय हलवतो, त्यामुळे मूल आपोआप चालायला शिकतं.
वस्तुस्थिती : झुरिकमध्ये विकसित झालेल्या 'लोकोमॅट' या यंत्रात खुबा आणि गुडघा मोटारी हलवतात. मूल नुसतं लोंबकळत राहिलं तरी पावलं पडतच राहतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी अशा यंत्रात चालणाऱ्या निरोगी प्रौढांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत संकेतांचे आलेख, तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, माणूस स्वतः जोर लावू लागला की टाळूखालच्या, पायांशी निगडित भागातल्या म्यू आणि बीटा लहरी दबलेल्या दिसल्या. तो भाग कामाला लागल्याची ही खूण. पावलं तशीच, मेंदू मात्र वेगळा!

गैरसमज : टोपीतून मेंदूत करंट सोडतात.
वस्तुस्थिती : ईईजी मेंदूतून येणारे अतिसूक्ष्म विद्युत संकेत फक्त टिपतो. एनआयआरएस नावाच्या पद्धतीत टोपीतून डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा मंद प्रकाश सोडतात आणि परत आलेल्या प्रकाशावरून रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार ओळखतात. ना सुई, ना एक्स-रे. काळे दाट केस मात्र हा प्रकाश शोषून घेतात. म्हणून तंत्रज्ञ प्रत्येक सेन्सरखालचे केस बाजूला सारत बसतो आणि मूल तेवढ्यात कंटाळतं.

गैरसमज : पडद्यावर मेंदू जितका लालभडक, तितकी प्रगती जास्त.
वस्तुस्थिती : नवशिक्याचा मेंदू जास्त राबतो. सवय झाली की तेच काम कमी खटपटीत होऊ शकतं. शिवाय मान हलली, घाम आला, टाळूच्या कातडीत रक्त वाढलं, तरी आलेख उसळतो. एनआयआरएसचा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोहोचतो आणि पायांचा भाग तर दोन गोलार्धांमधल्या फटीत दडलेला. रक्तातला बदलही काही सेकंद उशिरा शिखर गाठतो. त्यामुळे एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढत नाहीत. त्याच मुलाच्या अनेक नोंदी एकमेकींशी ताडून पाहतात.

गैरसमज : महागडं यंत्र म्हणजे फिजिओथेरपीपेक्षा सरस.
वस्तुस्थिती : सेरेब्रल पाल्सीत रोबो नेहमीच्या थेरपीहून सरस ठरतो, असं अभ्यासांतून सातत्याने दिसलेलं नाही. मेंदूला झालेली इजा पुसली जात नाही. सरावाने उरलेल्या जोडण्या बळकट होऊ शकतात, आणि तो सराव मुलाने स्वतः करायचा असतो. फायदा झाला का, हे शेवटी उभं राहणं, पायरी चढणं अशा कृतींना गुण देणाऱ्या जीएमएफएमसारख्या चाचणीतूनच ठरतं.

म्हणून सेशन संपल्यावर 'आज किती पावलं झाली?' एवढंच विचारू नका. यंत्राचा आधार कमी-जास्त करता येतो. 'आज तो किती कमी केला, आणि तरी पाऊल पडलं का?' हेही विचारा.