काळ्या फितीचा खटला

डिसेंबर १९६५. अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं डे मॉइन शहर. व्हिएतनाम युद्धात दोन्ही बाजूंनी मेलेल्यांचा शोक म्हणून आणि नाताळात युद्धविराम व्हावा म्हणून काही मुलांनी दंडावर काळी फीत बांधून शाळेत जायचं ठरवलं. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. मुख्याध्यापकांना कुणकुण लागली आणि त्यांनी आधीच बंदी घातली. तरीही १३ वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा १५ वर्षांचा भाऊ जॉन आणि १६ वर्षांचा ख्रिस्तोफर एकहार्ट फीत बांधून गेले. तिघांनाही घरी पाठवण्यात आलं.

मुलांनी न्यायालयात दाद मागितली, पण जिल्हा न्यायालयात ती हरली. अपील न्यायालयात न्यायमूर्तींची मतं समसमान पडली, म्हणजे हार कायमच. शेवटी २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने कौल दिला. निकाल लिहिला न्या. एब फोर्टास यांनी: शाळेच्या फाटकातून आत आल्याने विद्यार्थ्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही. शाळेच्या कामात खरोखरच मोठा अडथळा येईल असं दिसत असेल तरच रोखता येतं. गडबड होईल ही नुसती भीती पुरेशी नाही. विशेष म्हणजे, एरवी भाषणस्वातंत्र्याचे खंदे कैवारी असलेले न्या. ह्यूगो ब्लॅक विरोधात गेले! त्यांना शाळेतल्या शिस्तीची काळजी वाटत होती.

माझ्या मते फोर्टास यांचंच बरोबर. युद्धावर पाठवली जाणारी मुलं याच वर्गांतून बाहेर पडत होती. त्यांनी मत मांडायचं नाही तर कुणी? पुढच्या निकालांनी या हक्काला काही मर्यादा घातल्या, पण अमेरिकी शाळांतल्या अशा वादांत आजही याच खटल्याचा दाखला दिला जातो.