सायकल महाग, पण गुडघ्याचे काय?

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. त्यानंतर दवाखान्यात रक्तदाबाबरोबर सायकलीच्याही चौकशा होऊ लागल्या. हल्ली नेहमीचा प्रश्न असा : ‘डॉक्टर, गिअर-ब्रेकचा संच शिमानोचा १०५ घेऊ, की थेट ड्युरा-एस?’

माझे मत १०५ च्या बाजूने. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या या दोन संचांच्या वजनात फरक सुमारे अर्ध्या किलोचा. पाण्याची मोठी भरलेली बाटली त्याहून जड असते. किमतीतला फरक मात्र भलताच मोठा. शर्यतीत सेकंद मोजणाऱ्याने तो जरूर सोसावा. कसारा घाट चढणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला अर्धा किलो पोटावरून उतरवता येतो, तोही फुकट!

गुडघ्याला खरा त्रास होतो तो जड गिअर रेटल्याने. १०५ मध्ये मागचे चक्र ३६ दात्यांपर्यंत मिळते, ड्युरा-एसमध्ये ३४ पर्यंतच. मागे दाते जास्त, तितका चढावर पाय हलका फिरतो आणि गुडघ्याच्या वाटीवरचा दाब कमी होतो. शिवाय झिजलेली चेन वेळेवर बदलली नाही तर ती चक्रेही खाते, आणि ड्युरा-एसची मोठी चक्रे टिटॅनियमची. बदलताना खिसा चांगलाच हलका होतो.

वाचलेल्या पैशांतून जाणकाराकडून सीटची उंची लावून घ्या. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. सूज आली, तर मात्र सायकल ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.