स्वयंपाकघरातील धूर कोणी काढावा?

हिंगोलीहून नांदेडास जाणाऱ्या रस्त्यावर आखाडा बाळापूर हे बाजारपेठेचे गाव आहे, आणि बाजारपेठेच्या सर्वच गावांत दिसते तेच येथेही दिसते. दर्शनी दुकान, वर स्लॅब, पुढे सज्जा, सज्ज्यास रंगीत फरशी. इतके झाले की घरधन्याचे समाधान होते. मागल्या पडवीत चूल कोठे मांडावयाची आणि तिचा धूर कोणत्या वाटेने जावयाचा, हे नकाशा काढणारा विचारीत नाही, गवंडी विचारीत नाही, आणि घरधनी तर मुळीच विचारीत नाही. जिला ते विचारावयाचे तिला नकाशाच्या बैठकीस कोणी बोलावीतच नाही.

कोणी म्हणेल, चुलीचे दिवस गेले, आता घरोघर गॅस आहे. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, तीमुळे ज्या घरांत शेगडी कधी गेली नसती त्या घरांतही ती गेली, हे आम्ही आनंदाने मान्य करितो. परंतु 14.2 किलोची टाकी भरून आणावयास रोकड लागते. शेतातील पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोठ्यातील शेण यांस ती लागत नाही. म्हणून चहा गॅसवर, आणि भाकरी, अंघोळीचे पाणी व सणावाराचा मोठा स्वयंपाक चुलीवर, अशी वाटणी पुष्कळ घरांत झालेली आहे. चूल गेली नाही. ती मागे सरली, एवढेच.

जुन्या घरांत या गोष्टीचा विचार नव्हता असे नाही. माळवदाला साणे ठेवीत. त्यातून दिवसा उजेड येई व धूर वर निघून जाई. ती व्यवस्था पुरेशी होती असे आम्ही म्हणत नाही, आढ्याला लोंबणारी काजळी तिची साक्ष देत असे. पण भोक तरी होते. माळवद काढून स्लॅब टाकली तेव्हा ते भोकही बुजले, आणि सुधारलेल्या घरात धूर मात्र वाढला. सुधारणेची अशी उफराटी तऱ्हा आम्ही इतर विषयांतही पाहिली आहे.

हा धूर म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारा उपद्रव, एवढीच पुष्कळांची समजूत आहे. त्यातील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहून लहान असतात व फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 या एका सालात घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली. चुलीजवळ जास्त वेळ असते ती स्त्री, आणि तिच्या मांडीवरचे मूल.

आम्ही वकिलीचा अभ्यास केलेले, म्हणून कायदा काय म्हणतो तेही पाहिले. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या 7 व्या कलमाखाली उदाहरणे दिली आहेत. त्यांत आपल्या मिळकतीवर येणारी हवा दुसऱ्याने गैरवाजवी रीतीने दूषित करू नये, हा प्रत्येक मालकाचा हक्क सांगितला आहे. म्हणजे आमच्या चुलीचा धूर शेजाऱ्याच्या ओसरीवर गेला तर त्यास दाद मागता येईल. परंतु तोच धूर बाहेर न जाता घरातच कोंडला, आणि घरच्या बाईने तो वीस वर्षे गिळला, तर त्या कलमाखाली तिला कोणाविरुद्ध दाद मागता येणार? तिची तक्रार चालवावयाची तर ती घरातच, आणि तेथील न्यायाधीश व प्रतिवादी एकच.

उपाय ठाऊक नाही असेही नव्हे. 1934 साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला; त्याच्या मगनवाडीतून धुराड्याची ‘मगन चूल’ लोकांपुढे आली. पुढे हैदराबादच्या इंजिनियरिंग संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीची एक रचना बसविली व 1953 साली तिच्यावर पुस्तिका छापली. त्या वेळी आमचा हा भाग परभणी जिल्ह्यात आणि हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे ही विद्या आमच्याच राजधानीतली. 1983 पासून 2002 पर्यंत केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून देशभर तीन कोटींहून अधिक सुधारलेल्या चुली बसविल्या गेल्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेची साच्यात ओतून करावयाची ‘लक्ष्मी’ चूल महाराष्ट्रातील आहे.

मग त्या चुलींचे झाले काय? ओडिशात काही संशोधकांनी अशा चुली दिलेल्या घरांवर चार वर्षे लक्ष ठेवले व 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी घरच्या स्वयंपाकिणीच्या छातीत जाणारा धूर कमी झाला; पुढे तो फायदा नाहीसा झाला. चुलीला चीर पडली ती कोणी लिंपली नाही, नळ तुंबला तो कोणी साफ केला नाही. आमचा मुद्दा येथेच आहे. धुराडे ही एकदा विकत घेऊन विसरण्याची वस्तू नव्हे. तिच्यामागे महिन्याचे एक काम येते, आणि ते काम छपरावर चढण्याचे असल्यामुळे घरच्या पुरुषाचे आहे. इंग्लंडात हेच काम लहान मुलांना धुराड्यात चढवून करवून घेत. 1840 साली कायद्याने त्यास बंदी झाली. पण अंमल नीट न झाल्यामुळे 1875 साली पुन्हा कायदा करून धुराडे झाडणाऱ्यांस परवाना सक्तीचा करावा लागला. काजळी काढण्याचे काम दुबळ्याच्या अंगावर ढकलण्याची खोड केवळ आमचीच आहे असे नाही.

आता प्रत्यक्ष बसविण्याविषयी. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांस धुराड्याचे तत्त्व शिकवावयास नको. बंबाची मधली नळी तापली की जाळ आपोआप वर ओढला जातो; तापलेली हवा हलकी होऊन चढते व खालून नवी हवा येते. म्हणून नळ सरळ उभा असावा, वाटेत आडवा नेऊ नये, आणि छपराच्या सर्वांत उंच भागाच्या वर दोन फूट तरी काढावा. नाहीतर वारा धूर परत आत लोटतो. व्यास तीन ते चार इंच असला म्हणजे घरगुती चुलीस पुरतो. तोंडावर पावसासाठी टोपी, पण ती नळास चिकटलेली नसावी. वासा, आढे, गवत यांपासून पत्र्याचा नळ हातभर, म्हणजे दीड फूट, दूर राहिलाच पाहिजे. छपरातून जाताना नळाभोवती मोठे भोक ठेवून वर पन्हळीचा पत्रा बसवावा. बुडाशी झाकण ठेवावे. ते उघडून काजळी खाली ओढता येते. दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून तो वरून खाली व खालून वर फिरविला की काम झाले. ओले सरपण जाळणाऱ्याच्या नळात काजळी लवकर साचते, आणि साचलेली काजळी एखाद्या दिवशी आतल्या आत पेटते. आमच्या व्यापारी बंधूंस एक विनंती : गिऱ्हाईक स्वस्त मागतो म्हणून चुलीकरिता प्लॅस्टिकचा नळ देऊ नये. आणि असबेस्टॉसच्या जुन्या नळांवर करवत चालवू नये. त्याची धूळ धुराइतकीच वाईट.

नळ बसविला तरी हवा आत येण्यास खिडकी हवीच. हिवाळ्यात निखाऱ्यांची शेगडी घेऊन दारे लावून निजण्याची जी चाल आहे ती तर जीवघेणी आहे, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नाही व रंगही नाही. नळ ओढतो की नाही हे पाहण्यास पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. धूर आत वळला तर ठीक.

आमच्या भागापुरते आणखी एक. 2024 साली 21 मार्च व 10 जुलै या दोन दिवशी हिंगोली जिल्ह्यास 4.5 तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले, आणि मार्चमधील धक्क्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्यात तर पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घेण्याची सूचना प्रशासनास द्यावी लागली. ज्या भूमीत दगड छपरावर ठेवणे धोक्याचे, तेथे विटांचे उंच धुराडे रचणे शहाणपणाचे नाही. हलका नळ घ्यावा, तो तीन बाजूंनी तारेने ताणून बांधावा, आणि धक्का जाणवला की त्याच दिवशी सांधे पाहून ते मातीने किंवा सिमेंटने पुन्हा लिंपावेत. दिवाळीपूर्वी घरास रंग देण्यासाठी शिडी येतेच. ती परत पाठविण्याआधी घरधन्याने एकदा वर चढून टोपी उचलून पाहावी.